होडी पाण्याबाहेर काढताना

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मोठे ट्रॉलर या काळात बंदरात किंवा खाडीत आडोशाला उभे राहतात. पंधरा-सोळा फुटांची, मागे एक छोटे इंजिन लावलेली होडी मात्र पाण्याबाहेरच काढावी लागते. उघड्या किनाऱ्यावर, पावसाळी लाटांच्या तोंडी नांगरून ठेवली तर ती टिकत नाही. ती वाहून न्यायला चाकांचा गाडा नसतो, गाडा जाईल असा रस्ता पुळणीपर्यंत नसतो, आणि होडी मावेल एवढे अंगणही बहुतेकांना नसते. तरीही मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापासून पलीकडे गोव्यापर्यंत दरवर्षी या होड्या पाण्यातून उठून माडांखाली येतात. हे काम मला फार शहाणपणाचे वाटते. त्यात ताकद लागते, पण बहुतेक ओझे उचलते ती योग्य वेळ आणि योग्य जागा.

वेळेची सुरुवात पंचांगापासून होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात भरतीचे पाणी सर्वांत वर चढते. पुळणीचा उतार दहाला एक असेल आणि उधाणाची भरती भांगाच्या भरतीपेक्षा अर्धा मीटर उंच असेल, तर समुद्र होडी पाच मीटर फुकट वर आणून देतो. ओल्या वाळूतले हे पाच मीटर फार जड असतात. पूर्ण भरती कधी, याचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला पंधरावी तिथी धरून सव्वाअकराच्या. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. मुंबईकडे हा हिशोब बराच जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते, त्यामुळे मालवण-गोव्याला माणसांनी वेळेआधीच पुळणीवर हजर असावे लागते.

कोणते उधाण निवडायचे, यावर माझे मत ठाम आहे: मे महिन्यातले जे पहिले सोयीचे असेल ते. बंदी सुरू होईपर्यंत चार दिवस आणखी मासे मिळतील म्हणून थांबण्याचा मोह मी समजू शकतो, कारण ते चार दिवस पुढच्या दोन महिन्यांच्या किराण्याचे असतात. पण २०२१ साली तौक्ते वादळ मे महिन्याच्या मध्यालाच कोकण किनाऱ्यालगतून गेले. त्याआधीच्या वर्षी निसर्ग वादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. शिवाय मे संपता संपता नैर्ऋत्येकडून लांब लाटा येऊ लागतात, आणि मग होडी किनाऱ्याला लावणेच अवघड होते. नाळ (होडीचे पुढचे टोक) वाळूला टेकली आणि मागची बाजू लाटेत आडवी फिरली की होडी पाण्याने भरते, आणि भरलेली होडी कोणालाच ओढवत नाही.

आता ओढण्याचे गणित. रिकामी होडी ४०० किलोंची धरू. कोरड्या वाळूवरून नुसती फरफटत नेली, तर घर्षणापोटी वजनाच्या साधारण निम्मा जोर लागतो, म्हणजे २०० किलो. दहाला एक उताराचे आणखी ४०. म्हातारी-पोरे धरून सलग ओढताना एक माणूस सरासरी वीस-पंचवीस किलोंचा जोर लावतो, म्हणजे दहा-बारा माणसे हवीत. तेवढी माणसे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, संघात असतात, एकट्या होडीवाल्याकडे नसतात.

म्हणून होडीखाली काहीतरी घालायचे. सर्वांत साधा उपाय म्हणजे माडाच्या झावळ्यांचे जाड, गुळगुळीत देठ आडवे टाकून त्यांवरून होडी सरकवणे. ते ओले केले की आणखी निसरडे होतात. त्याहून बरा उपाय गोल ओंडक्यांचा, पण ओंडके नुसत्या वाळूवर टाकले तर रुततात आणि फिरायचे थांबतात. त्यांच्याखाली लांब फळ्या हव्यात. दोन फळ्या रुळांसारख्या पसरायच्या, त्यांवर चार-पाच ओंडके, आणि त्यांवर होडीचा कणा. होडी पुढे गेली की मागे सुटलेला ओंडका उचलून पुढे न्यायचा. असे केले की घर्षण एवढे घटते की उतार धरून सत्तर-ऐंशी किलोंच्या जोरात काम भागते. चार माणसे पुरतात. ओंडका पुढे ठेवणाऱ्याने बोटे होडीखाली न घालता तो टोकांनी धरून सरकवावा, आणि होडीच्या मागे उताराच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. लहान मुले नेमकी तिथेच येतात, म्हणून त्यांना दोराच्या टोकाला, पुढे, काम द्यावे.

माणसे आणखी कमी असतील तर कप्पी. दोन-दोन चाकांच्या दोन कप्प्यांतून दोर चार पदरी केला तर लागणारा जोर चौथ्या हिश्शावर येतो. कप्पीतले घर्षण धरूनही एकटा माणूस, सावकाश, होडी हलवू शकतो. त्याची किंमत लांबीत मोजावी लागते. होडी दहा मीटर न्यायची तर हातातून चाळीस मीटर दोर जातो. कप्पी बांधायला माड असेल तर बुंध्याला आधी गोणपाट गुंडाळावे, नाहीतर दोर साल कापतो. माड नसेल तर वाळूत मीटरभर खोल चर खणून त्यात एक ओंडका दोराला आडवा पुरायचा आणि मधोमध दोर बांधून वर काढायचा. वाळूचे वजनच त्याला धरून ठेवते. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की तितक्याच वेगाने मागे येतो. त्याच्या रेषेत उभे राहू नये, हे नव्या माणसाला ओढायला लावण्याआधी सांगावे.

होडी कुठवर न्यायची? पुळणीवर जिथून मर्यादवेल सुरू होते, तिथवर समुद्र एरवी येत नाही. पण पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, पुळणीला उभी कड तयार होते आणि ती मागे मागे सरकते. वाळू परत येते ती पावसाळ्यानंतर. म्हणून वेलीच्या कडेवर न थांबता तिच्या बरेच मागे, घट्ट जमिनीपर्यंत जावे. माडांखाली सावली चांगली, पण शेंड्याच्या बरोबर खाली नको. वाऱ्यात पडलेला नारळ फायबरला तडा देतो. दोन माडांच्या मधली जागा पाहावी आणि होडी दोन्ही बाजूंना सैल न ठेवता बांधावी. रिकाम्या होडीला वादळी वारा सहज उलटवतो.

यापुढचा शत्रू गोडे पाणी. कोकणात पावसाळ्यात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पाच मीटर लांब, सरासरी मीटरभर रुंद होडीचे तोंड पाच चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यात ५०० लिटर पाणी साठते, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. पाण्यात असताना होडीला सगळीकडून आधार असतो, जमिनीवर तो दोन-तीन ठोकळ्यांवर येतो. त्यामुळे एका रात्रीच्या पावसाने तळ वाकू शकतो. शिवाय लाकडाला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे पाणी घातक. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी वाढत नाही, गोड्या ओलाव्यात भरभर वाढते. समुद्रातला धोका निराळा: लाकूड पोखरत आत शिरणारा, शिंपल्यांच्या कुळातला लांबट जीव. होडी महिना-दोन महिने कोरडी राहिली की तो मरतो, आणि जमिनीवरच्या मुक्कामाचा हा मोठा फायदा आहे.

छोटी होडी पालथी घालणे म्हणून सर्वांत उत्तम. काठ जमिनीला टेकू द्यायचे नाहीत, वीतभर उंच ठोकळ्यांवर ठेवायचे, म्हणजे खालून वारा खेळतो आणि वाळवी लागली तर दिसते. जी पालथी होत नाही ती सरळ ठेवावी, कण्याखाली तीन ठिकाणी लाकडी आधार, बाजूंना टेकू, नाळ थोडी वर आणि मागचे बूच काढलेले. टेकू कणा आणि आतल्या फासळ्यांच्या रेषेत यायला हवेत, नुसत्या पातळ फळीवर नाही. काढलेले बूच इंजिनाच्या पेटीत ठेवावे, होडीत नको.

मग शाकारणी. माडाच्या झावळ्या भिजवून विणलेले झाप चढत्या रांगांनी, खालून वर, कौलांसारखे एकावर एक येतील असे बांधायचे. झाप पाणी बाहेर टाकतो आणि हवा आत-बाहेर जाऊ देतो. निळी ताडपत्री स्वस्त आणि झटपट आहे, म्हणून हल्ली तीच दिसते. पण ती होडीला घट्ट गुंडाळली की आत वाफ कोंडते, थेंब परत होडीवरच पडतात, आणि वाऱ्यात फडफडून तिची कडा रंग खरवडते. ताडपत्रीच वापरायची असेल तर मधोमध बांबूचा आढा घालून तिला उतार द्यावा, दोन्ही टोके उघडी ठेवावीत. मला विचाराल तर खाली झाप आणि वर ताडपत्री ही जोडी दोन पावसाळे निभावते.

झाकण्याआधीची तयारी लाकडाची वेगळी, फायबरची वेगळी. लाकडी होडी आधी खरवडून चिकटलेले शंख-शिंपले काढायचे, गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत सुकवायची आणि तेल द्यायचे. उंडीचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, माशांचे तेल, यांपैकी गावात जे मिळेल ते. काजूचे तेल कातडी भाजते, हातांना काहीतरी गुंडाळल्याशिवाय लावू नये. मेच्या उन्हात लाकडी होडी उघडी ठेवली तर फळ्या आकसून सांधे उघडतात, म्हणून ओढल्या दिवशीच तिच्यावर सावली हवी. फायबर कुजत नाही, पण उन्हाने तिचा वरचा थर खडूसारखा पांढरा पडतो. तड्यातून पाणी आत शिरून फुगवटे येतात. तडे सुकल्यावरच भरायचे, ओल्यावर भरलेला राळेचा थर सुटतो.

इंजिन होडीवर ठेवायचे नाही. आठ-दहा अश्वशक्तीचे इंजिन तीस-चाळीस किलोंचे असते, दोघांनी उचलून घरी न्यावे. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, ते थंडावा देणाऱ्या नळ्यांत साचून राहते. म्हणून पिंपात गोडे पाणी घेऊन इंजिन पाच-दहा मिनिटे त्यात चालवावे. शेवटी इंधनाची नळी काढून ते आपोआप बंद पडू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. गिअरचे तेल बदलताना ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, सील बदलायला हवे. प्लग काढून थोडे तेल आत सोडावे, दोरी दोन-तीनदा ओढून ते पसरवावे. आणि इंजिन उभेच ठेवावे. पंख्याची बाजू डोक्यापेक्षा वर गेली तर उरलेले पाणी सिलिंडरमध्ये उतरते. जाळी वेगळी धुऊन सावलीत वाळवावीत आणि उंच टांगावीत, कारण नायलॉनला ऊन खाते आणि उंदीर पोखरतात.

होडी दुसऱ्या गावी न्यायची असेल तर आधी पाण्याचा रस्ता पाहावा. दुसऱ्या होडीला बांधून खाडीतून न्यायला इंधन थोडेच लागते. रस्त्यानेच जायचे असेल तर छोटा हत्ती टेम्पो पुरत नाही. त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास, होडी सोळा फुटांची. मागे आठ-नऊ फूट बाहेर आलेला माल रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळ आहे. लांब हौद्याचा ट्रक घ्यावा, होडी पालथी, नाळ पुढे, काठांखाली जुने टायर, आणि दोर होडीच्या आडव्या फळ्यांतून काढून दोन्ही बाजूंना. धरणांवर मासेमारी करणारे बरेचजण ही कटकट टाळून ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकतात. तराफा खांद्यावरून घरी येतो. संथ पाण्यात ते चालते, समुद्रात मुळीच नाही.

हे सगळे जमते ते पुळणीमागे मोकळी जागा असते म्हणून. मला सर्वांत जास्त काळजी याच जागेची आहे. किनारा वाचवण्यासाठी टाकलेल्या मोठ्या दगडांच्या बंधाऱ्यावरून होडी ओढता येत नाही. मध्ये उतार सोडला नाही तर मागची सगळी जागा होडीला बंद होते. पर्यटनाची बांधकामे उरलेली पट्टी खातात. किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार कोळीवाडे आणि मच्छीमारांच्या सामाईक जागा किनारी व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशात दाखवणे अपेक्षित आहे. होड्या ओढायची जागा कागदावर बहुधा होडीवाल्यांच्या नावावर नसते, त्यामुळे ती नकाशात आली नाही तर हक्क सांगताना हातात काहीच उरत नाही. आराखड्याचा मसुदा सुनावणीला येतो, तेव्हा होडीवाल्यांनी तो उघडून आपली पुळण त्यात शोधावी. नसेल तर जागेचे मोजमाप आणि होड्यांची संख्या देऊन लेखी हरकत घ्यावी. सोबत मे-जूनमधला फोटो जोडावा, कारण एरवी ती जागा रिकामीच दिसते.

बंदी उठली आणि नारळी पौर्णिमा झाली की उलटा प्रवास. उतार आता मदतीला असतो, म्हणून मागे एक दोर माडाला दोन वेढे देऊन धरावा आणि सैल सोडत जावे. लाकडी होडीत आदल्या दिवशी थोडे पाणी ओतून फळ्या फुगू द्याव्यात. जिथून थेंब गळतो तिथे खूण करून पाणी काढावे, मग सांध्यात कापूस आणि राळ भरावी. फायबर होडीचे बूच इंजिनाच्या पेटीतून काढून, त्याचे रबर तपासून बसवावे, आणि होडी लाटेला लागण्याआधी दोन माणसांनी ते वेगवेगळे हात लावून पाहावे.