निवृत्तीनंतरचा हिशेब (भाग ७) : कार्ड काढण्याआधी विचारायचे कोणाला?

सत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत मिळतात. २९ ऑक्टोबर २०२४ला ही सोय सुरू झाली. कार्डाचे नाव 'आयुष्मान वय वंदना'. ते काढायला आधार कार्ड आणि मोबाइल पुरतो. आशाताई, सेवा केंद्रवाला, नाहीतर घरातला नातूसुद्धा काढून देतो. म्हणजे कार्ड काढून देणारे भरपूर आहेत. पण ते आपण काढावे का, हे सांगणारा सहसा भेटत नाही.

बहुतेकांना हा प्रश्न पडायचे कारणही नाही. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड मिळते, तेव्हा खुशाल काढा. मात्र त्या भरवशावर जुनी पॉलिसी बंद करू नका. उतारवयात नवी घ्यायची झाली तर आधीच्या आजारांसाठी पुन्हा वाट पाहायला लागू शकते.

थांबून विचार करायचा तो केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांनी आणि माजी सैनिकांनी. सीजीएचएस किंवा ईसीएचएसचे लाभार्थी असाल, तर जुनी योजना आणि आयुष्मान यांपैकी एकच ठेवता येते, आणि ही निवड एकदाच करायची असते. शिबिराच्या गर्दीत हे कोणी समजावून सांगत बसत नाही.

आता दोन्हींत काय मिळते ते पाहू. आयुष्मान चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्चही त्यात धरतात. जुने आजार पहिल्या दिवसापासून चालतात, ही त्याची खरी जमेची बाजू. पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची तपासणी फी हे सगळे आपल्याच खिशातून. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून. बायको सहासष्टची असेल, तर वय वंदना तिच्यासाठी नाहीच. सीजीएचएसमध्ये मात्र तिचेही नाव असते, महिन्याची औषधे मिळतात आणि ५ लाखांची मर्यादा नाही. मुंबई, पुणे, नागपूरच्या पेन्शनरने सीजीएचएस सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण आहे ती तालुक्याच्या गावी स्थायिक झालेल्यांची. जवळ वेलनेस सेंटर नाही म्हणून ते महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेतात आणि सीजीएचएस आपल्यासाठी नाही असे समजून चालतात. वास्तविक बाह्यरुग्ण उपचारांसाठी भत्ता आणि दाखल होण्यासाठी सीजीएचएस, असा पर्याय त्यांना आहे. वर्गणी वेतनस्तरानुसार महिना २५० ते १,००० रुपये. दहा वर्षांची एकदम भरली की कार्ड आयुष्यभराचे. म्हणजे ३० हजार ते १ लाख २० हजार. रक्कम लहान नाही, पण ग्रॅच्युइटी हातात असताना भरली तर जड जात नाही.

मग विचारायचे कोणाला? रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला योजनेत काय बसते ते नेमके ठाऊक असते, म्हणून त्याला एक प्रश्न जरूर विचारा : हे रुग्णालय माझ्या आजारासाठी योजनेत आहे का? नुसते 'योजनेत आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. हृदयविकारासाठी नोंद असलेल्या ठिकाणी गुडघ्याचे ऑपरेशन योजनेत होईलच असे नाही. पण सीजीएचएस सोडावे की ठेवावे, हा सल्ला द्यायचे काम त्याचे नव्हे. विमा एजंटाचे कमिशन पॉलिसीवर असते, हे ध्यानात ठेवून त्याचे ऐका. माझ्या मते सर्वांत भरवशाची जागा म्हणजे आपल्या खात्याची पेन्शनर संघटना. तिथल्या सभासदांनी स्वतः बिले मंजूर करून घेतलेली असतात. कोणते रुग्णालय दारातूनच परत पाठवते, कोणत्या कागदावर फाइल अडते, हे त्यांना तोंडपाठ असते. जाताना पीपीओची प्रत, दोघांच्या वयाचे दाखले आणि गेल्या वर्षभराच्या औषधांची बिले न्या. बिलांची बेरीज केली तरी निम्मे उत्तर मिळते.

आयुष्मानबद्दलच्या शंकांसाठी १४५५५ हा मोफत क्रमांक आहे. फोन आपण करावा. कार्ड काढून देतो म्हणून समोरून फोन आला, तर ओटीपी देऊ नये.

पुढच्या आठवड्यात : फॅमिली पेन्शन आणि बँकेतले संयुक्त खाते.