भुताचा झाला भात!

बालमित्रांनो, हे वाक्य जरा मोठ्याने वाचा बरं : ‘अमावास्येची रात्र होती. वाड्याचे दार करकरत उघडले आणि तिच्यासमोर पांढरेशुभ्र भात उभे राहिले.’

हसलात ना? लेखकाला खरे तर तुम्हाला घाबरवायचे होते. पण छापताना ‘भूत’मधला ऊकार गेला, त्याच्या जागी काना आला आणि भुताचा झाला भात!

भुतांच्या गोष्टी तुम्हा सगळ्यांच्या आवडीच्या. आठवी-नववीतल्या ताई-दादांना तर भुताच्या जोडीला थोडे प्रेमही लागते. यात नवे काही नाही हं! मेलेल्या सत्यवानासाठी यमाच्या मागोमाग चालत जाणारी सावित्री आपल्या महाभारतातच आहे. तिने यमाला जिंकले ते तलवारीने नव्हे, शब्दांनी. आपल्याला शंभर पुत्र व्हावेत, असा वर तिने मागितला आणि यम देऊन बसला. मग नवरा परत करणे भागच! बोललेले वाक्य यमाने आधी एकदा तपासले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती.

वाक्य तपासण्याचे हे काम पुस्तकांच्या जगात दोन माणसे करतात. मुद्रितशोधक काना, मात्रा, अनुस्वार पाहतो. संपादक गोष्टीचे सांधे पाहतो. कोण कधी आले, कुठे गेले, आधी सांगितलेले पुढे जुळते का, हे त्याचे काम. ही दोन्ही कामे नीट झाली तर ती आपल्याला दिसतसुद्धा नाहीत. झाली नाहीत, की मग काय होते?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता नववीत आहे. पुस्तक प्रदर्शनातून आणलेली एक कादंबरी घेऊन ती माझ्याकडे आली. खूप रागावली होती. गोष्ट एका मुलीची आणि तिच्यावर जीव लावणाऱ्या एका भुताची. पण पहिल्या पानावरची मालती मध्येच माधवी झाली होती. जे भूत भिंतीतून आरपार जायचे, ते पुढे कुलूपबंद खोलीत अडकून ‘सोडवा, सोडवा’ म्हणत होते!

‘‘बाई, शेवटी ती मरते. मला रडायचं होतं हो! पण मालती मेली की माधवी, तेच मी मागची पानं उलटून शोधत बसले.’’

या मुलीचे पैसे गेले, ते एक वेळ चालेल. पण तिचे रडू गेले, त्याचे काय?

साध्या गोष्टीत चूक सापडली तर आपण ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. गाडी पाचला सुटली की सहाला, काय मोठेसे बिघडते? भुताच्या गोष्टीचे तसे नसते. जगात नसलेली गोष्ट आपण निव्वळ लेखकाच्या शब्दावर खरी मानतो. ‘याचे प्रतिबिंब आरशात पडत नाही,’ असे त्याने सांगितले, की आपण मान डोलावतो. पण वीस पानांनंतर तोच प्राणी आरशात बघून भांग पाडू लागला तर? भीती तर जातेच, पण तिच्याबरोबर प्रेमही जाते. कारण ज्या संकटासमोर नायिका उभी ठाकली, ते संकटच खोटे ठरते.

आरशावरून आठवले. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी 1897 साली प्रसिद्ध झाली. सगळी गोष्ट डायऱ्या, पत्रे आणि तारा यांतून सांगितलेली. एक तारीख चुकली तर सगळाच घोटाळा! म्हणून स्टोकरने घटनांचे कॅलेंडर तयार केले, आगगाड्यांच्या वेळासुद्धा टिपून ठेवल्या. त्याची ही टिपणे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आजही आहेत. टंकलिखित प्रतीवर कादंबरीचे नाव ‘द अन-डेड’ होते, तेही छापण्यापूर्वी बदलले.

या कादंबरीची नायिका मीना. ती शाळेत शिकवायची, म्हणजे आमच्यातलीच! जोनाथनवर तिचे प्रेम. दोघांचे लग्न होते आणि ड्रॅक्युलाची नजर तिच्यावर पडते. तेव्हा ती काय करते, ठाऊक आहे? सगळ्यांच्या डायऱ्या आणि पत्रे गोळा करते, टाइप करते, तारखेनुसार लावते. त्यातूनच ड्रॅक्युलाच्या हालचाली सगळ्यांना कळतात. तो चिडून ते कागद जाळतो, पण दुसरी प्रत तिजोरीत सुरक्षित असते. थोडक्यात, क्रूसाइतकीच कामाला येते ती नीट लावलेली कागदपत्रे. मीना ही त्या गोष्टीतली संपादकच!

मोठमोठ्यांच्या पुस्तकांतही चूक निसटते. हॅरी पॉटरचे चौथे पुस्तक 2000 साली आले. त्यात दुष्ट जादूगाराच्या छडीतून त्याने मारलेल्या माणसांच्या छाया उलट्या क्रमाने बाहेर पडतात. हॅरीची आई बाबांच्या नंतर मरण पावली, म्हणजे आधी आई दिसायला हवी. पण सुरुवातीच्या प्रतींत बाबा आधी आले! नंतरच्या छपाईत हा क्रम सुधारला. चूक लहानशीच, पण आईबाबांना पुन्हा पाहणाऱ्या पोरक्या मुलाच्या त्या क्षणी वाचकाने बोटांवर क्रम मोजत बसावे का?

आता तुमच्यासाठी एक उद्योग. हस्तलिखितासाठी गोष्ट लिहाल तेव्हा शेजारी एक कागद ठेवा. त्यावर पात्रांची नावे, वार, वेळा आणि तुमच्या भुताचे नियम लिहा. गोष्ट दोन दिवस झाकून ठेवा. मग मोठ्याने वाचा आणि मित्रालाही वाचायला द्या. तो भलत्या जागी हसला, तर तिथे खूण करा.

आणि पालकांनो, पुस्तकातली चूक दाखवायला मूल धावत आले, तर ‘गोष्ट कळली ना, मग झालं!’ असे म्हणू नका. गोष्ट नुसती कळायची नसते, ती लागायचीही असते. पेन्सिल द्या त्याच्या हातात. चूक सुधारून ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचू द्या. कोण जाणे, या वेळी भूत खरेच भेटेल!