तुल्यनाम व्यक्तींविषयी थोडेसे

बडोद्यानजीकच्या पादरा येथील एका शिक्षकबंधूंनी आम्हांस एक शंका विचारली. ‘चित्रांगद कोण?’ या त्यांच्या प्रश्नास एका विद्यार्थ्याने ‘कलिंगदेशाचा राजा’ असे उत्तर लिहिले, व शंतनूच्या पुत्राचे नाव अपेक्षित असल्याने त्याचे गुण गेले. मुलाची चूक झाली काय?

एकच नाव अनेकांस असणे हे पुराणकथांत नवल नव्हे. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांकडे अजॅक्स नावाचे दोन वीर होते. एक तेलामोनचा पुत्र, दुसरा ओइलिउसचा. पित्यावरूनच त्यांस ओळखावयाचे. आपल्याकडे मात्र नामसाम्य कधी कधी कथेलाच वळण देते. शंतनूच्या पश्चात गादीवर आलेल्या चित्रांगदावर त्याच नावाचा गंधर्वराज चालून आला. ‘माझ्याशी युद्ध कर, नाही तर दुसरे नाव घे’, असे तो बजावतो, अशी काही पाठांत कथा आहे. कुरुक्षेत्री तीन वर्षे युद्ध होऊन राजा पडला. मागे राहिलेला विचित्रवीर्यही निपुत्रिक वारला, आणि व्यासांपासून धृतराष्ट्र व पांडू जन्मले. भारतीय युद्धाचे एक मूळ असे एका नावात आहे! द्रोणपर्वात भीमाने मारलेला मालवराज इंद्रवर्म्याचा हत्ती अश्वत्थामा नावाचा नसता, तर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले असते काय?

जनकाची गोष्ट निराळी. निमिकुळातील एका पूर्वजाचे हे नाव पुढे साऱ्या वंशास लागले. सीतेच्या पित्यास पुराणे सीरध्वज म्हणतात. याज्ञवल्क्याशी ब्रह्मचर्चा करणारा जनक तोच, असे वर्गात बेधडक सांगितले जाते. आम्हीही एके काळी सांगितले आहे.

अशा वेळी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा १९३२ साली प्रसिद्ध झालेला प्राचीन चरित्रकोश हाताशी असावा. एकाच नावाच्या व्यक्तींस त्यात अनुक्रमांक देऊन वेगळे केले आहे, आणि तो क्रमांक पाहण्याचा आळस हेच बहुतेक घोटाळ्यांचे कारण होय.

आता मूळ प्रश्न. शांतिपर्वात राजपूर नगरी स्वयंवर मांडणारा, आणि ज्याची कन्या दुर्योधनाने कर्णाच्या बळावर हरण केली, तो कलिंगराजही चित्रांगदच. मुलाने वाचले होते, ते बरोबरच वाचले होते. प्रश्नात पित्याचे नाव घालावयाचे राहिले होते. गुण परत द्यावेत, असे आम्ही त्या बंधूंस कळविले आहे.