थापटणे कुणावर चालते?

गोरोबाकाकांच्या दोन गोष्टी आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. चिखलात तुडवले गेलेले तान्हे मूल ही एक, आणि थापटण्याने केलेली संतांची परीक्षा ही दुसरी. दोन्ही आपण भक्तीच्या गोष्टी म्हणून ऐकतो. त्या आधी एका कुंभाराच्या गोष्टी आहेत, हे ध्यानात यायला मला कुंभाराच्या अंगणात बसावे लागले.

गोरोबांचे गाव तेर, धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी. हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर या पेठेचा उल्लेख येतो. इथल्या उत्खननात भाजलेल्या मातीच्या मूर्ती, भांडी मिळाली. बरीचशी लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात पाहता येतात. त्रिविक्रमाचे जुने देऊळही विटांचे. गोरोबांनी चाक फिरवले त्याच्या हजार वर्षे आधीपासून तेरची माती हातांना सरावलेली होती.

परंपरा त्यांचा जन्म १२६७चा आणि समाधी १३१७ची मानते. नामदेवांचा जन्म १२७०चा, ज्ञानेश्वरांचा १२७५चा. हे आकडे धरले तर ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा 'काका' तिशीच्या आतच होते! चित्रांतली पांढरी दाढी आपण मागाहून चिकटवलेली. मला हा तरुण गोरोबा अधिक पटतो. अंगात बळ, घरात रांगते मूल, पावसाळ्याच्या आत आवे उरकायची घाई.

कारण कुंभाराचे काम हंगामाचे असते. ओल्या दिवसांत मडकी वाळत नाहीत आणि भट्टी धड पेटत नाही. म्हणून वर्षाची कमाई कोरड्या महिन्यांत करायची. बलुतेदारांच्या याद्या गावोगाव थोड्या वेगळ्या असल्या, तरी कुंभार बहुधा मधल्या ओळीत येतो. म्हणजे खळ्यावर त्याचा वाटा सुतार-लोहारांच्या मागून. त्या बदल्यात गावाला घागरी, रांजण, गाडगी पुरवायची, संक्रांतीला सुगडे, नवरात्रात घट, आणि कुणी गेले तर अंत्यविधीचे मडकेही. गावाच्या प्रत्येक सणाला आणि दुखवट्याला हा माणूस लागतो.

ज्या अंगणात मी बसलो होतो तिथले आजोबा सत्तरी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवणारे. मी त्यांना परीक्षेची गोष्ट सांगायला लावली. त्यांनी ती आपल्यासारखीच सांगितली. मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? काका म्हणतात, थापटणे, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग इथे जमलेली मडकी बघा की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत जातात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव रागावतो, म्हणून तो कच्चा ठरतो. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गुरू शोधत जातो.

गोष्ट संपली आणि आजोबा हसले. "पण मास्तर, थापटणं भाजलेल्या मडक्यावर मारत नाहीत. खापऱ्या होतील. पक्कं मडकं बोटाच्या पेरानं वाजवायचं."

ते खरेच होते. चाकावरून उतरलेले मडके जाड बुडाचे असते. ते जरा सुकले की आत गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोकत भिंत पातळ करत, पोट फुगवत न्यायचे. घाव बाहेरून, आधार आतून. ओल जास्त असेल तर माती चिकटते, कमी असेल तर तडकते. थापटणे चालते ते फक्त या मधल्या अवस्थेतल्या मातीवर. म्हणजे कुंभाराच्या कानाने ऐकले तर नामदेवाचे कच्चेपण हा काही अपमान नाही. त्या बैठकीत अजून घडवता येण्याजोगा तोच होता. गोष्ट रचणाऱ्याच्या मनात हे होते असा माझा दावा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ती ऐकणाऱ्या कुंभारांना हे कळत नसेल, असे मला वाटत नाही.

मुलाच्या गोष्टीकडे वळताना मला अडखळायला होते. मुख्यतः महिपतीच्या 'भक्तविजया'तून (१७६२) ती घरोघर गेली, म्हणजे गोरोबांनंतर साडेचारशे वर्षांनी. बायको पाण्याला जाते, मूल नवऱ्यावर सोपवते, तो नामात रंगून चिखल तुडवत राहतो आणि मूल पायाखाली येते. पुष्कळ वाचक इथे चिडतात. ही कसली भक्ती? मीही चिडत असे.

आजोबांच्या सूनबाई तेव्हा चिखलच तुडवत होत्या. गाळाची माती, तिच्यात राख आणि लीद, वर पाणी. मी विचारले, तुडवताना बघता कशाकडे? "बघायचं कशाला? पायाला कळतं. हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी भाजताना मडकं फुटतं. तो पायानंच हुडकायचा." हरभऱ्याएवढा खडा ओळखणाऱ्या पायाला मूल कळले नाही! गोष्टीतली भीती किती खोल आहे हे मला तेव्हा उमगले. ऐकणाऱ्या कुंभारांना ती आपल्यापेक्षा जास्त टोचत असणार.

आणि पाणी आणायला गेलेली ती बाई? परंपरा तिचे नाव संती सांगते. चिखलाला पाणी लागते, ते बायकांनीच वाहायचे. घर हाच कारखाना, मूल सांभाळायला तिसरे माणूस नाही. पुढची गोष्टही घर आणि धंदा यांच्यातच फिरते. संती विठ्ठलाची आण घालते, मला शिवू नका. तो पाळतो. वंश बुडेल म्हणून तिचीच बहीण रामी सवत होऊन येते. दोघींना सारखे वागवा, असे सासरा सांगतो, म्हणून आण तिलाही लागू. शेवटी ती मोडली म्हणून गोरोबा स्वतःचे हात तोडतात. कीर्तनकार हे वैराग्य म्हणून सांगतात. मला त्यात दोन बायांची फरफट दिसते, आणि कुंभाराचे हात गेले म्हणजे चूल विझली हेही दिसते. परंपरेलाही ते दिसले असावे. कारण यानंतर देव दर्शन देऊन निघून जात नाही. तो विठू कुंभार होऊन घरी राबायला येतो, रुक्मिणीसह, आणि मडकी घडवतो. हात आणि मूल परत मिळतात ते नंतर, पंढरीच्या कीर्तनात.

निघताना मी सूनबाईंना विचारले, ही गोष्ट तुम्हांला आवडते का? त्यांनी पाय थांबवले नाहीत. "म्हाताऱ्यांना आवडती," म्हणाल्या आणि मानेनेच लिंबाकडे दाखवले. नातवाची झोळी तिथे फांदीला टांगली होती, चिखलाच्या खड्ड्यापासून चांगली वीस पावले लांब.