घरचा संगणक आणि सर्व्हर : सामर्थ्याचा हिशेब

खसऱ्याची नक्कल घेण्यास लोकसेवा केंद्रात गेलेल्या शेतकऱ्यास कधी कधी ‘सर्व्हर बंद आहे’ असे उत्तर मिळते. समोर नवा संगणक चालू असताना काम का अडावे, हा प्रश्न रास्त होय.

पांढुर्णा जिल्ह्यातील जामसांवली हे श्रीहनुमानाचे प्रसिद्ध स्थान. त्यामुळे या भागात भंडारा सर्वांच्या परिचयाचा. गावातील सर्व चुलींची आच एकत्र केल्यास ती भंडाऱ्याच्या एका भट्टीहून अधिक भरेल. परंतु घरची चूल दोन वेळा पेटते. भट्टी मात्र शेवटची पंगत उठेपर्यंत धगधगत असते. घरे, शाळा व कार्यालये यांतील संगणकांची एकूण गणनशक्तीही अशीच प्रचंड, पण बहुतेक वेळ रिकामी असते. सर्व्हर मात्र अहोरात्र हजारोंची कामे करतो.

ही विखुरलेली शक्ती जोडता येते. मार्च २०२० मध्ये ‘फोल्डिंग ॲट होम’ या उपक्रमात जगभरच्या लोकांनी आपले संगणक कोरोना विषाणूच्या प्रथिनांच्या अभ्यासासाठी दिले. त्यांचा एकत्रित वेग सेकंदास एकावर १८ शून्ये इतक्या आकडेमोडींच्या पुढे गेला. मोजणीच्या रीती भिन्न असल्या, तरी अमेरिकेतील ‘समिट’ या तेव्हाच्या अग्रगण्य महासंगणकाच्या वेगाहून हा आकडा कितीतरी मोठा होता.

पोळ्या घरोघरी लाटून आणता येतात, तसेच हे काम तुकड्यांनी वाटता येण्याजोगे होते. एका कढईतील भाजी मात्र अशी वाटून शिजविता येत नाही. जेथे एका भागाचे उत्तर दुसऱ्यास तत्काळ लागते, तेथे प्रक्रियक जवळजवळ व जलद मार्गांनी जोडावे लागतात. पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने १९९१ साली घडविलेला ‘परम ८०००’ याच तत्त्वावर उभा होता.

जमिनीच्या नोंदीत प्रश्न वेगाचा नसून एकवाक्यतेचा आहे. प्रत्येक संगणकात निराळी वही असती, तर एकाच शेताला दोन मालक निघाले असते. म्हणून मूळ नोंद सर्व्हरवर राहते. तो, वीज किंवा जोडणी बंद पडल्यास केंद्रातील संगणक कितीही वेगवान असला तरी नक्कल निघत नाही. केवळ नवे संगणक घेऊन ही अडचण दूर होणार नाही. या तिन्हींची निगा राखणे तितकेच अगत्याचे आहे.

तथापि पत्रे टंकणे, गुणपत्रके सिद्ध करणे, हिशेब मांडणे ही कामे शाळेत व पंचायतीत असलेल्या संगणकावर सर्व्हरविना होऊ शकतात. ती तेथेच करून घ्यावीत. चूल हाताशी असताना भट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही.