एकच टूल की दोन?

आज क्यूजीआयएसमधल्या व्हर्टेक्स टूलबद्दल बोलू. नकाशावरच्या आकाराचे बिंदू हलवायचं हे टूल दोन रूपांत मिळतं: एक फक्त निवडलेल्या लेअरपुरतं, दुसरं एडिटिंग चालू असलेल्या सगळ्या लेअर्ससाठी. मग एकच का नाही ठेवलं?

समजा, शेताची हद्द आणि रस्ता चिकटून आहेत. दोन्ही लेअर्सचं एडिटिंग चालू आहे. हद्द सरकवायला गेलात आणि रस्ताच हलला, तर पटकन लक्षातही येत नाही. चुकीचा नकाशा तसाच पुढे जातो. पण दोन्हीकडे दुरुस्ती असेल, तर सारखं लेअर बदलणं वैताग आणतं.

म्हणून माझं मत: काम दिसायला सारखं, पण चूक कुठवर पोचते ते वेगळं, तर टूल्स वेगळीच हवीत. बटणांची गर्दी? क्यूजीआयएसने दोन्ही एकाच ड्रॉपडाउनमध्ये ठेवलीत. प्रश्न मिटला!