तळ्यातले सोबती

पूर्व विदर्भ म्हणजे तळ्यांचा मुलूख. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हजारो जुनी तळी आहेत. गोंड राजांच्या अमलात कोहळी लोकांनी त्यांतली पुष्कळ तळी बांधली. धानाला पाणी मिळावे, हा हेतू. पुढे ती मालगुजारांकडे गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तळी सरकारकडे आली. माजी मालगुजारी तलाव म्हणून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.

या तळ्यांत ढिवर लोक मासे धरतात. मासे कमी झाले, की त्यांच्या घरची चूल मंदावते. मग मासे कमी का होतात? पाणी तर भरलेले दिसते! याचे उत्तर शोधायला आपण जरा पाण्यात डोकावू या.

आधी झाडे पाहू. ती तीन तऱ्हांची. काठाच्या उथळ पाण्यात लव्हाळा आणि देवधान उभे असते. देवधान म्हणजे रानटी भात. मध्ये कमळ, पोयणी, शिंगाडा यांची पाने पाण्यावर पसरतात. तिसरी झाडे पाण्यात बुडूनच वाढतात. उन्हात ही बुडालेली झाडे पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांची मुळे तळाचा गाळ धरून ठेवतात.

आता किडे. बुडालेल्या पानांत बारीक जीव लपून राहतात. पाण्यातली पिसू ज्वारीच्या दाण्याहून लहान असते. पण ती पाणी गाळून त्यातले हिरवे बारीक शेवाळ खाते. म्हणून पाणी नितळ राहते. गोगलगाय पानांवरचे शेवाळ खरवडून खाते. चतुराची पिल्ले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. हे सारे जीव माशांचे खाणे. शिवाय कित्येक मासे झाडांच्या आडोशालाच अंडी घालतात.

आता समजा, झाडे गेली. मग पिसवांना आडोसा राहत नाही. मासे त्यांना खाऊन संपवतात. शेवाळ माजते, पाणी हिरवे होते. ऊन तळाशी पोचत नाही. उरलेली झाडेही मरतात. एक कडी तुटली, की साखळी अशी सुटत जाते.

झाडे जातात तरी कशाने? एक कारण बेशरम. ही झुडपे मूळची अमेरिका खंडातली. गुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. कापलेला तुकडाही ओल्यात पडला तर रुजतो. बघता बघता काठ व्यापतो. दुसरे कारण बाहेरून आणून सोडलेले मासे. गवत्या मासा पाण्यातली झाडे खातो. सायप्रिनस तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. तिसरे कारण खत. शेतातले जादा खत वाहून आले, की शेवाळाला बळ येते.

यावर उपाय झालेला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवरांच्या सहकारी संस्था यांनी मिळून काही तळ्यांत काम केले. बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला. पाऊस झाल्यावर इथलीच झाडे आणून लावली. कोणते झाड कुठे लावावे, हे ढिवर बाया-पुरुषांना ठाऊक होते. शिकलेल्यांनी ते त्यांच्याकडून लिहून घेतले. झाडे आली, त्यांच्यामागे किडे आले, मासे वाढले.

आपल्या तळ्याची तब्येत आपल्यालाही पाहता येते. जुनी चाळण घ्या. काठच्या झाडांतून ती फिरवा. निघेल ते पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात ओता. चतुराची पिल्ले, गोगलगायी, पिसवा असे नाना जीव दिसले, तर तळे बरे आहे. नुसत्या लाल अळ्याच दिसल्या, तर समजा, तळाच्या चिखलात प्राणवायू कमी आहे. शास्त्रज्ञही जाळी फिरवून असेच जीव मोजतात. दर वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पाहा आणि वहीत लिहून ठेवा. जीव पाहून झाले, की ते पाण्यात परत सोडा.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपण म्हणतो. पण राखायचे काय? नुसता बांध राखून भागत नाही. काठचे देवधान आणि पानाखालची पिसूही राखावी लागते. तिच्यावरच उद्याचे जाळे भरणार आहे.